मॉडिफाइड मियाटाच्या कूलंटचं तापमान: सेन्सर कुठे बसवायचा आणि आकडा कसा वाचायचा

डॅशबोर्डवरचा काटा मधोमध आहे म्हणजे इंजिन ठीक आहे, ही समजूत मॉडिफाइड गाडीत सगळ्यात आधी सोडून द्यावी लागते. कंपनीतून आलेल्या गाडीत ती बऱ्यापैकी चालते, कारण रेडिएटर, पंखा, समोरून येणारा वारा आणि इंजिनची ताकद यांचा मेळ कंपनीने घालून दिलेला असतो. टर्बो (इंजिनात जास्त हवा कोंबून ताकद वाढवणारं यंत्र) बसवला, ती तापलेली हवा निववणारा इंटरकूलर रेडिएटरच्या पुढ्यात आणून ठेवला, की तो मेळ आपण मोडलेला असतो. मग इंजिन किती तापतंय हे बघायचं कामही आपलंच.

हा लेख माझदा एमएक्स-५, म्हणजे मियाटा, डोळ्यांसमोर ठेवून लिहिला आहे. फेब्रुवारी १९८९ मध्ये शिकागोच्या ऑटो शोमध्ये ही गाडी पहिल्यांदा लोकांसमोर आली. भारतात ती अधिकृतपणे कधीच विकली गेली नाही, पण अमेरिका, ब्रिटन किंवा ऑस्ट्रेलियात राहणाऱ्या आणि गाड्यांचा नाद असलेल्या मराठी मंडळींची पहिली ट्रॅकची गाडी पुष्कळदा हीच असते. पुण्या-मुंबईत पोलो टीएसआय रीमॅप करून, म्हणजे इंजिनच्या संगणकाचं सॉफ्टवेअर बदलून, चालवणाऱ्यांना सेन्सरची जागा आणि पाइपांची मापं वेगळी पडतील. बाकी पद्धत हीच.

काटा काय दाखवत नाही

गाडीच्या मूळ काट्याला इंजिन थंड ठेवणाऱ्या पाण्याचं, म्हणजे कूलंटचं, तापमान जसंच्या तसं दाखवायचं नसतं. सिग्नलला थांबल्यावर काटा थोडा वर गेला, घाटात आणखी वर गेला, तर ग्राहक घाबरून सर्व्हिस सेंटर गाठतो. म्हणून बऱ्याच कंपन्या काट्याला मधोमध एक मोठा सपाट टप्पा ठेवतात. त्या टप्प्यात पाणी ८५ अंशांवर असो की १०५ वर, काटा जागचा हलत नाही. फोक्सवॅगनच्या कित्येक गाड्यांत काटा ९० वर चिकटलेला दिसतो तो यामुळेच. मियाटाच्या पहिल्या पिढीत, म्हणजे एनएमध्ये, काटा त्यातल्या त्यात प्रामाणिक आहे. दुसऱ्या पिढीत, एनबीमध्ये, तो मधोमध झोपून राहतो आणि उठतो तेव्हा वेळ गेलेली असते.

वेळ जाते म्हणजे काय होतं? मियाटाच्या जुन्या इंजिनांचा ब्लॉक, म्हणजे सिलिंडर असलेला खालचा भाग, ओतीव लोखंडाचा आणि त्यावर बसणारं हेड ॲल्युमिनियमचं. तापल्यावर ॲल्युमिनियम लोखंडाच्या जवळपास दुप्पट प्रसरण पावतं. ठरावीक मर्यादेपर्यंत दोघांमधलं गॅस्केट, म्हणजे गळती रोखणारा पातळ थर, हा फरक सांभाळून घेतं. मर्यादा ओलांडली की हेड वाकतं, गॅस्केट जातं, आणि एका दुपारच्या हौसेपायी इंजिन खोलावं लागतं.

इंधन जाळून मिळणाऱ्या ऊर्जेपैकी ढोबळमानाने एक तृतीयांश ऊर्जा कूलंटमध्ये जाते. ताकद वाढवली की ही उष्णताही त्याच प्रमाणात वाढते. रस्त्यावर आपण पूर्ण ताकद एका वेळी जेमतेम काही सेकंद वापरतो, म्हणून टर्बो लावलेली गाडी ऑफिसला ये-जा करताना अगदी गुणी वागते. ट्रॅकवर तीच ताकद वीस-वीस मिनिटं वापरली जाते. खरी परीक्षा तिथे होते.

मियाटातलं पाणी कसं फिरतं

सेन्सर घेण्याआधी हे समजून घ्या, कारण सेन्सरची जागा यावरूनच ठरते.

पाण्याचा पंप इंजिनच्या पुढच्या तोंडाशी आहे. पंपातून पाणी ब्लॉकमध्ये जातं, गॅस्केटच्या भोकांतून वर हेडमध्ये येतं, आणि थर्मोस्टॅट (पाणी तापल्यावर उघडणारी झडप) उघडा असेल तर रेडिएटरकडे जातं. हे इंजिन मुळात माझदाच्या पुढच्या चाकांवर चालणाऱ्या ३२३ सारख्या गाड्यांसाठी घडवलेलं. तिथे ते आडवं बसत असे आणि पाणी पंपाच्या विरुद्ध टोकाने बाहेर पडत असे. मियाटात ते उभं बसवलं. ते टोक फायरवॉलला, म्हणजे इंजिन आणि केबिनमधल्या पत्र्याच्या भिंतीला, भिडलं, म्हणून पाण्याची वाट हेडच्या पुढच्या बाजूला वळवली. परिणाम असा की पुढून आलेल्या पाण्यातलं बरंचसं पुढूनच निघून जातं. मागच्या बाजूला, चौथ्या सिलिंडरपाशी, पाणी त्या मानाने कमी फिरतं. मागे जे काही वाहतं ते मुख्यतः हीटरच्या पाइपांमुळे.

जास्त ताकदीच्या गाड्यांत म्हणूनच थर्मोस्टॅट हेडच्या मागे नेतात आणि तिथून लांब होस पुढे रेडिएटरपर्यंत आणतात. या कामाला सगळे रीरूट म्हणतात. ते आज करायलाच हवं असं नाही. तापमान कुठे मोजायचं हे ठरवताना मागची बाजू जास्त तापते एवढं मात्र लक्षात असू द्या.

आधी गाडी तंदुरुस्त आहे का ते पाहा

आजारी गाडीवर चांगलं गेज (तापमानाचा आकडा दाखवणारं मीटर) लावून हाती काही लागत नाही. रेडिएटर किती जुना आहे ते पाहा. वरची प्लास्टिकची टाकी काळी जाऊन तपकिरी-हिरवट झाली असेल तर ती कधीही तडकेल, ट्रॅकच्या आधी बदला. होस दाबून बघा, फुगलेला किंवा कडक झालेला ठेवू नका. कूलंट गंजकट असेल तर पूर्ण काढून नवीन भरा.

रेडिएटरची कॅप ही बहुतेक जण विसरतात, आणि माझ्या मते सगळ्यात स्वस्तात मिळणारा विमा तीच आहे. ५०-५० ग्लायकॉल-पाण्याचं मिश्रण उघड्यावर साधारण १०७ अंशांना उकळतं. चांगली कॅप ०.९ ते १.१ बार दाब धरून ठेवते, म्हणून तेच मिश्रण १२५ च्या पुढेही शांत राहतं. कॅपचं रबर गेलं की ही सगळी सवड जाते. मग गेजवर १०८ हा आकडा दिसतो, तुम्ही म्हणता अजून चालेल, आणि आत हेडमध्ये वाफेचे बुडबुडे सुरू झालेले असतात. वाफ धातूची उष्णता ओढून घेत नाही. तेवढा भाग एकदम तापतो.

गाडीच्या नाकाखालचं प्लास्टिकचं आवरण जागेवर आहे ना, तेही पाहा. जुन्या मियाटांत ते तुटून पडलेलं असतं किंवा ऑइल बदलताना कोणीतरी काढून कायमचं बाजूला ठेवलेलं असतं. ते नसलं की समोरून आलेला वारा रेडिएटरमधून जायच्या ऐवजी खालून पळ काढतो आणि हायवेच्या वेगाला तापमान चढतं. इंटरकूलर बसवताना रेडिएटरच्या कडेला राहिलेल्या फटीही अशाच. फोमच्या पट्ट्या आणि ॲल्युमिनियमचा पत्रा वापरून त्या बुजवा. नवीन रेडिएटर आणण्याआधी हे करून बघा, पुष्कळदा तेवढ्यावर भागतं.

आकडा बघायचा कशावर

तीन वाटा आहेत.

अमेरिकेत १९९६ पासूनच्या गाड्यांना ओबीडी-२, म्हणजे इंजिनची माहिती वाचायचं प्रमाणित सॉकेट, सक्तीचं आहे. म्हणजे तिथल्या १९९६-९७ च्या एनएमध्ये आणि सगळ्या एनबीत ते मिळेल. भारतातल्या आजच्या गाड्यांतही असतंच. ईएलएम३२७ जातीचा ब्लूटूथ डोंगल लावला की फोनवरच्या टॉर्कसारख्या ॲपमध्ये कूलंटचं तापमान अंशांत दिसतं. जुन्या मियाटात ही माहिती सावकाश येते, पण पाण्याचं तापमान बूस्टसारखं (टर्बोच्या हवेच्या दाबासारखं) क्षणाक्षणाला उडत नाही, त्यामुळे अडत नाही. नवख्या माणसाने सुरुवात इथूनच करावी. खर्च कमी, गाडीला हात लावायचा नाही, आणि नोंद फोनमध्ये साठते. अडचण इतकीच की ट्रॅकवर उन्हात फोन स्वतःच तापून बंद पडतो, आणि डोंगलचा संपर्क तुटला तरी कित्येक ॲप शेवटचा आकडा तसाच धरून ठेवतात. स्क्रीनवर ९३ दिसत असतं, आणि ते दहा मिनिटांपूर्वीचं असू शकतं.

मेगास्क्वर्टसारखा प्रोग्रॅमेबल ईसीयू, म्हणजे इंजिनचा संगणक, बसवला असेल तर प्रश्नच नाही. तो तापमान वाचतोच, नोंदही ठेवतो, आणि ठरावीक अंशांच्या वर इग्निशन थोडं मागे घेण्याची (ठिणगी जरा उशिरा पाडण्याची) किंवा बूस्ट कापण्याची सोय देतो. ड्रायव्हरचं लक्ष वळणावर असताना ही सोय इंजिन वाचवते.

१९९० ते ९५ च्या एनएमध्ये ओबीडी-२ नाही. तिथे स्वतंत्र गेज आणि त्याचा स्वतंत्र सेन्सर लागतो. ज्यांच्याकडे ओबीडी आहे त्यांनीही ट्रॅकवर नियमित जायचं ठरवल्यावर असं गेज लावावंच. ठरलेल्या आकड्याला लाल दिवा पेटवणारं आणि जमल्यास ओरडणारं गेज निवडा. लॅपमध्ये, म्हणजे ट्रॅकची फेरी मारत असताना, गेजकडे नजर टाकायला लांब सरळ रस्त्यावर एखादाच क्षण मिळतो. बाकी वेळ दिव्यावरच भिस्त.

सेन्सर कुठे बसवायचा

नवखे इथेच सर्वाधिक फसतात, म्हणून जरा सविस्तर.

सोपी जागा म्हणजे रेडिएटरचा वरचा होस. तो कापायचा, मध्ये सेन्सरचं भोक असलेला ॲल्युमिनियमचा तुकडा बसवायचा, दोन्हीकडे क्लॅम्प आवळायचे. अर्ध्या तासाचं काम. पण ही जागा थर्मोस्टॅटच्या पलीकडे आहे. थर्मोस्टॅट उघडेपर्यंत गेज थंडच दाखवणार. आणि थर्मोस्टॅट बंद अवस्थेत अडकला तर? इंजिनात पाणी उकळत असेल आणि गेजवर ६० दिसेल, कारण होसमधलं पाणी जागचं हललेलंच नसतं. गेज नको तेव्हा धीर देईल.

खालच्या होसमध्ये सेन्सर लावला तर रेडिएटरमधून निवून आलेलं पाणी मोजलं जातं. इंजिनचं तापमान म्हणून हा आकडा निरुपयोगी आहे. वरच्या आणि खालच्या होसमधला फरक कळला तर रेडिएटर किती काम करतोय हे समजतं खरं, पण तो पुढचा अभ्यास.

योग्य जागा हेडमध्ये किंवा हेडमधून पाणी बाहेर पडतं तिथे, थर्मोस्टॅटच्या अलीकडे. सुदैवाने माझदाने स्वतःचे सेन्सर हेडच्या मागच्या टोकाला ठेवले आहेत. एनएमध्ये तिथे दोन सापडतील, एक वायरचा डॅशबोर्डच्या काट्यासाठी आणि दोन पिनांचा ईसीयूसाठी. ईसीयूच्या सेन्सरला हात लावू नका, इंधनाचा हिशोब त्याच्यावर चालतो. एक वायरवाला काढून त्या जागी नवीन गेजचा सेन्सर योग्य ॲडॉप्टर घालून बसवता येतो. मग मूळ काटा बंद पडतो, आणि मला त्याचं वाईट वाटत नाही. एनबीमध्ये काट्याचं आणि ईसीयूचं काम एकाच सेन्सरवर आहे, तिथे तो काढायचा विचारच करू नका. हीटरकडे जाणाऱ्या होसमध्ये, हेडपासून जितकं जवळ जमेल तितकं जवळ, टी आकाराचा जोड घालून सेन्सर बसवा. रीरूट केलेलं असेल तर त्या किटच्या मागच्या हाउसिंगवर बहुधा सेन्सरसाठी भोक दिलेलं असतं. त्याहून उत्तम जागा नाही.

कुठेही बसवला तरी एक मर्यादा राहते. सेन्सर पाण्यात बुडालेला असेल तरच खरं बोलतो. होस फुटून पाणी वाहून गेलं की सेन्सर हवेत राहतो आणि आकडा चढण्याऐवजी उतरतो. जोरात गाडी चालवत असताना तापमान अचानक कमी झालं तर ती आनंदाची गोष्ट नाही, लगेच बाजूला घ्या. जास्त ताकदीच्या गाड्यांत यासाठी कूलंटच्या दाबाचा सेन्सरही लावतात. पाणी गेलं की दाब आधी पडतो.

बसवण्याआधी सेन्सर पाण्यात उकळून बघा

हे टाळू नका. सेन्सर दोऱ्याने बांधून पातेल्यातल्या पाण्यात सोडा, तळाला टेकू देऊ नका, शेजारी स्वयंपाकाचा थर्मामीटर ठेवा. गेज बारा व्होल्टवर जोडा. पाणी खळखळ उकळलं की समुद्रसपाटीला १०० दिसायला हवं. उंचीवर उत्कलनबिंदू दर ३०० मीटरला साधारण एक अंशाने उतरतो, त्यामुळे पुण्यात ९८ च्या आसपास आणि डेन्व्हरला ९५ च्या आसपास दिसलं तर गेज बरोबर आहे. दोन-तीन अंशांचा फरक असेल तर तो गेजशेजारी पट्टीवर लिहून ठेवा. पाच-सहा असेल तर परत करा.

गेज नसेल आणि ईसीयूच्या सेन्सरवर शंका असेल तर मल्टिमीटरने रोध मोजा. हे सेन्सर तापतात तसा त्यांचा रोध उतरतो. माझदाचा सेन्सर २० अंशांना साधारण २.२ ते २.७ किलोओहम आणि ८० अंशांना ०.३ किलोओहमच्या जवळपास दाखवतो. दुसऱ्या कंपनीचा सेन्सर माझदाच्या वायरिंगला जोडला आणि ईसीयूमधला तक्ता बदलला नाही, तर आकडे येतील, पण चुकीचे.

प्रत्यक्ष बसवणं

इंजिन पूर्ण थंड असताना काम करा. सकाळी, रात्रभर उभ्या असलेल्या गाडीवर. कूलंट निम्म्याच्या वर काढून स्वच्छ बादलीत घ्या. ग्लायकॉल गोडसर लागतं आणि विषारी आहे. घरात कुत्रा-मांजर असेल तर जमिनीवर थेंबही ठेवू नका.

मियाटाच्या हेडमागे जागा म्हणाल तर हाताचा पंजा आडवा कसाबसा जाईल एवढी. फायरवॉल एका बाजूला, वायरिंगचा जुडगा वर. तिथे डोळ्यांनी नाही, बोटांनी काम करावं लागतं. आधी मोबाइल आत सरकवून फोटो काढा आणि कोणता सेन्सर कुठे आहे ते फोटोत ओळखा. जुन्या प्लगची क्लिप प्लास्टिक कडक झाल्यामुळे मोडते, म्हणून वायर ओढू नका. बारीक स्क्रूड्रायव्हरने जीभ उचलून प्लग सरळ मागे घ्या. सेन्सरला खोल सॉकेट लावा आणि पहिला झटका हलका द्या. ॲल्युमिनियममधले आटे एकदा गेले की हेड काढण्यापर्यंत पाळी येते.

आट्यांचा घोळ इथेच होतो. अमेरिकन गेजचे सेन्सर बहुधा १/८ एनपीटी आट्यांचे असतात, एका इंचात २७. जपानी गेजचे १/८ पीटी, म्हणजे ब्रिटिश पद्धतीचे, एका इंचात २८. दोन्ही दिसायला सारखे. एकात दुसरा घातला तर दोन-अडीच फेरे छान बसतो, मग घट्ट होतो, आणि तुम्हाला वाटतं बसला. गाडी तापली की पाझरायला लागतो. ॲडॉप्टर मागवताना सेन्सरचे आटे आणि गाडीचे आटे, दोन्ही खात्री करून मागवा. हे आटे निमुळते असतात, त्यामुळे हाताने घट्ट झाल्यावर पान्याने एक ते दीड फेरा पुरे.

एकाच वायरच्या सेन्सरला अर्थ (विजेची परतीची वाट, अर्थिंग) त्याच्या बॉडीतून, म्हणजे आट्यांतूनच मिळतो. त्यावर टेफ्लॉन टेपचे थरावर थर गुंडाळले की अर्थ कमजोर होतो आणि आकडा भरकटतो. थ्रेड सीलंटचा पातळ हात पुरतो, टोकाचे एक-दोन आटे कोरडे ठेवा. रबरी होसमधल्या ॲडॉप्टरवर असा सेन्सर लावला असेल तर त्याला अर्थ मुळीच नसतो. ॲडॉप्टरला क्लॅम्पखाली वायर घालून थेट इंजिनच्या बोल्टपर्यंत न्या. दोन वायरचा सेन्सर असेल तर ही कटकटच नाही, मिळाला तर तोच घ्या.

वायर एक्झॉस्टपासून दूर ठेवा, टर्बोच्या बाजूने तर नेऊच नका. फायरवॉलमधल्या रबरी बुचातून आत घ्या, पत्र्याच्या कडेवर घासू देऊ नका.

मग कूलंट भरून हवा काढा. गाडीचं नाक वर करा, हीटर पूर्ण गरमवर ठेवा, रेडिएटरच्या तोंडाला फनेल बसवून इंजिन चालू ठेवा. वरचा होस अधूनमधून हाताने दाबा. बुडबुडे यायचे थांबले, हीटरमधून कडक गरम हवा येऊ लागली आणि पंखा एकदा चालू होऊन बंद झाला, की कॅप लावा. गाडी थंड झाल्यावर पातळी परत बघा. आत हवा राहिली तर आकडा झोके घेतो, आणि नवखा माणूस गेजला दोष देतो.

आधी घरचा आकडा लिहून काढा

मला या लेखात सगळ्यात जास्त जे सांगायचं आहे ते इथे आहे. १०२ अंश चांगले की वाईट, हा प्रश्न एकट्या आकड्यावरून सुटत नाही. तुमच्या गाडीचा नेहमीचा आकडा काय आणि बाहेर हवा किती तापलेली आहे, हे दोन्ही शेजारी असावं लागतं.

म्हणून ट्रॅकवर जाण्याआधी काही दिवस फक्त नोंद करा. सकाळी गाडी किती वेळात ८० वर पोहोचते, थर्मोस्टॅट उघडताना आकडा किंचित खाली येऊन कुठे थांबतो, सिग्नलला पंखा किती अंशांना लागतो आणि किती अंशांना सुटतो, हायवेला ताशी १०० किलोमीटरने आकडा कुठे स्थिर राहतो. धडधाकट मियाटात थर्मोस्टॅट ऐंशीच्या घरात उघडतो आणि मोकळ्या रस्त्यावर आकडा साधारण ८५ ते ९५ मध्ये राहतो. जुन्या एनएचा पंखा ९७ च्या आसपास लागतो. प्रत्येक नोंदीशेजारी बाहेरचं तापमान लिहा आणि एसी चालू होता का तेही.

थर्मोस्टॅट पूर्ण उघडल्यानंतर तापमानावर त्याचा ताबा राहत नाही. तिथून पुढे रेडिएटर आणि बाहेरची हवा यांचा हिशोब. ढोबळ नियम असा की बाहेर १० अंश वाढले की पाणीही साधारण १० अंशांनी वाढतं. समजा एप्रिलच्या सकाळी, बाहेर २६ अंश असताना, ट्रॅकवर तुमची गाडी ९८ वर स्थिर झाली. फरक ७२. आता तीच गाडी जुलैत उत्तर कॅलिफोर्नियातल्या विलोजला, थंडरहिल ट्रॅकवर नेली. तिथे उन्हाळ्यात पारा सहज ३८ च्या वर जातो. ३८ अधिक ७२, म्हणजे ११०. गाडीत काहीही बिघडलेलं नसताना तुम्ही धोक्याच्या दारात उभे. हे घरी कागदावर कळलं तर फटी बुजवता येतात, मोठा रेडिएटर घेता येतो, बूस्ट उतरवता येतो. ट्रॅकवर कळलं तर फक्त थांबता येतं.

इशारे कुठे लावावेत

माझी शिफारस: पहिला इशारा १०५ ला, दुसरा ११० ला. १०५ ला एक लॅप हलक्या पायाने काढा, वरच्या गिअरमध्ये, आरपीएम कमी ठेवून. ११० ला त्या दिवसाचा तो फेरा संपला, पिटमध्ये, म्हणजे ट्रॅकबाहेर गाड्या उभ्या करायच्या जागेत, या. याहून वरचे आकडे सोसून चाललेल्या गाड्या तुम्हाला भेटतील, त्यांचे मालक सांगतीलही. त्यांची कॅप, मिश्रण आणि सेन्सरची जागा वेगळी असते, त्यांचा आकडा उसना घेऊ नका.

लॅपमागून लॅप आकडा कसा चालतो ते जास्त बोलकं असतं. पहिल्या तीन लॅपना ९२, ९७, १००, मग १०१, १०१, १०१ अशी नोंद आली तर गाडीने तोल साधला आहे. ९२, ९५, ९८, १०१, १०४ अशी सरळ चढत गेली तर १०४ हा आकडा लहान वाटला तरी ती कुठे थांबणार हे तुम्हाला माहीत नाही. तिथे १०५ च्या इशाऱ्याची वाट बघू नका.

कोणती खूण कशाची

थांबल्यावर तापते आणि चालू लागल्यावर निवते, तर पंखा, त्याचा रिले किंवा पंख्याचं आवरण बघा. याच्या उलट, हायवेला तापते आणि हळू चालवल्यावर निवते, तर वाऱ्याची वाट किंवा आतून चोंदलेला रेडिएटर. थंडीत हायवेला आकडा ७० पर्यंत घसरतो, तर थर्मोस्टॅट उघडा अडकलेला आहे. हे निरुपद्रवी वाटतं, पण थंड समजून ईसीयू जास्त इंधन ओतत राहतो. आकडा वर-खाली झोके घेतो, तर आत हवा आहे किंवा थर्मोस्टॅट चिकटतोय. फक्त पूर्ण बूस्टवर झपाट्याने चढतो आणि होस दगडासारखे कडक होतात, तर हेड गॅस्केटमधून जळालेला वायू पाण्यात शिरतोय, अशी दाट शंका घ्या. इंजिन चालू केल्यावर लाइट लावताच आकडा दोन अंश उडाला, तर गाडीचं काही नाही, अर्थ कच्चा आहे.

ट्रॅकवर तापलीच तर

पाय उचला, एसी बंद करा, हीटर पूर्ण गरमवर आणि ब्लोअर पूर्ण जोरात. हीटर म्हणजे डॅशबोर्डमागचा छोटा रेडिएटरच. उन्हाळ्यात त्रास होतो, पण काही अंश नक्की उतरतात, आणि मियाटात हीटरची वाट मागच्या सिलिंडरजवळून जाते म्हणून तिथे पाणी जास्त खेळतं. हात वर करून इतरांना वाट द्या.

पिटमध्ये आल्यावर पाणी जागेवर असेल, वाफ नसेल, तर इंजिन लगेच बंद करू नका. मंद चालू ठेवा, बोनेट उघडा, पंखा आणि पंपाला काम करू द्या. वाफ येत असेल, पाणी वाहत असेल किंवा आकडा अचानक पडला असेल, तर मात्र त्याच क्षणी बंद. पाणी नसलेल्या इंजिनात पंप फिरून उपयोग नाही. कॅपला गरम असताना हात लावू नका, चिंधी धरूनही नाही. शंभरच्या वरचं पाणी दाब सुटताच चेहऱ्यावर येतं.

कित्येक ट्रॅकवर ग्लायकॉल चालत नाही, कारण सांडलं तर डांबर निसरडं होतं. तिथे साधं डिस्टिल्ड पाणी आणि वॉटर वेटरसारखं गंजरोधक मिसळण वापरतात. नुसतं पाणी ५०-५० मिश्रणापेक्षा उष्णता चांगली वाहून नेतं, पण कमी अंशांना उकळतं आणि हिवाळ्यात गोठतं. बर्फ पडणाऱ्या गावात राहत असाल तर ऑक्टोबरमध्ये परत ग्लायकॉल भरायची आठवण आत्ताच फोनमध्ये लावून ठेवा.

गाडी ११५ च्या पुढे गेली असेल तर घरी आल्यावर, थंड इंजिनावर, तपासणी करा. पातळी किती उतरली आहे, ऑइलच्या झाकणाखाली दुधाळ थर आहे का, चारही सिलिंडरचं कॉम्प्रेशन एकमेकांच्या जवळ आहे का. रेडिएटरच्या तोंडाशी धरायचं रासायनिक तपासणीचं किट मिळतं, त्यातलं निळं द्रव पिवळं पडलं तर जळालेला वायू पाण्यात येतोय. गॅस्केट बदलायची वेळ आलीच तर हेड मशीन शॉपमध्ये नेऊन सरळ पट्टीवर तपासून घेतल्याशिवाय नवीन गॅस्केट लावू नका. आणि गाडी पुन्हा जोडल्यावर जुनी वही काढून हायवेचा तोच रस्ता, तोच वेग, शक्य तितक्या तशाच हवेत घेऊन बघा. आधीपेक्षा आकडा तीन-चार अंशांनी वर असेल तर काम अजून बाकी आहे.